काळं तेल कशाला धरतं

नूर मोहम्मदला टाकीतून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर पांढरं म्हणावं असं फक्त डोळ्यांत होतं, आणि डोळे तर मिटलेले होते. चंद्रपूरच्या बाहेर लोखंडाच्या सळ्या ओढणारा एक कारखाना होता. तिथल्या भट्टीला लागणारं फर्नेस ऑइल ज्या टाकीत साठवायचे, ती टाकी वर्षातून एकदा रिकामी करून आतला काळा थर खरवडावा लागे. हे काम ठेक्यावर चाले. नूर मोहम्मद आत उतरला, थोडा वेळ खरवडल्याचा आवाज आला आणि मग आवाज थांबला. बाहेर दोर धरून बसलेल्या लटारूनं दोन हाका मारल्या, तिसरी हाक न मारता तोंडाला ओला दुपट्टा बांधला आणि आत उडी घेतली. त्यानं नूर मोहम्मदच्या काखेत दोर अडकवला, धावून आलेल्यांनी वरून ओढलं, म्हणून तो वाचला.

ही ९६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सरकारी दवाखान्यातून नूर मोहम्मद पठाणपुऱ्यातल्या घरी परतला तो छातीत घरघर घेऊनच. त्याची बायको नजमा त्याला वाफ द्यायची, आलं-मधाचं चाटण द्यायची, आणि त्या टाकीला मनातल्या मनात शिव्या द्यायची.

नूर मोहम्मद मुळात टाकीतला माणूस नव्हता. तो कल्हईवाला. बापापासून चालत आलेला भाता, कथलाच्या कांड्या आणि नवसागराचा डबा घेऊन तो मूल, सावली, पार व्याहाडपर्यंत गावं करायचा. त्याच्या हातची पितळी परात आतून चंद्रासारखी निघायची. पण घरोघर स्टीलची भांडी आली. आधी लग्नातल्या आंदणात, मग रोजच्या फडताळात. परातींना कल्हई करून घेणारं कुणी उरलं नाही, तेव्हा त्यानं भाता माळ्यावर टाकला आणि लटारूच्या ओळखीनं ठेकेदाराकडे लागला.

त्याची मुलगी निशात बी.एस्सी. झाली होती आणि शहरातल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम करत होती. विद्यार्थ्यांना आम्लं मोजून देणं, काचेची भांडी धुणं, फुटली तर ओरडणं, असं ते काम. धुण्याची तिला सवय होती. म्हणूनच लटारूनं कारखान्यातून अब्बांचं सामान गोणपाटात बांधून आणून दिलं, तेव्हा ते धुवायला तीच बसली.

त्यात एक लोखंडी खरवडणी होती आणि एक पांढरं इनॅमलचं टमरेल. दोन्ही काळ्या तेलात सारखीच बुडालेली. निशातनं रॉकेलचा बोळा टमरेलावर फिरवला, तर काळं सरकन निघून आलं, खालून पांढरं टमरेल हसलं. फक्त काठावर जिथं इनॅमलचा टवका उडाला होता, तिथं काळा ठिपका तसाच राहिला. खरवडणीवर तर तिनं अर्धी बाटली रॉकेल संपवलं. गंजलेल्या पात्यावरचं काळं पुसून पुसून पातळ झालं, पण गेलं नाही. तिनं नखानं खरवडलं, राखेनं घासलं. नाहीच.

"ठेवून दे ते," नजमा म्हणाली. "लोखंडच ते. त्याले काय साफ करतं?"

"अम्मी, तेल एकच आहे ना? मंग एकाले सोडून राह्यलं अन् एकाले धरून राह्यलं, असं काऊन?"

खाटेवर पडल्या पडल्या नूर मोहम्मद ऐकत होता. तो म्हणाला, "कथीलही तसंच असते, बेटा. भांडं नवसागरानं लख्ख केलं तंच धरते. मळक्यावर गोळे होऊन पळते. धरणाऱ्याले साफ अंग लागते."

"पण हे तं गंजलेल्याले धरून राह्यलं, अब्बा. साफ टमरेलाले नाई."

नूर मोहम्मदनं खरवडणी हातात मागून घेतली. बऱ्याच दिवसांनी त्यानं कुठल्या तरी धातूकडे असं वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निशातनं तो प्रश्न प्रयोगशाळेत नेला. कांता निमगडे मॅडम तिथं शिकवत. बाई बोलायला कमी, पण कुणी नीट प्रश्न विचारला की खुर्ची ओढून बसायच्या. त्यांनी सांगितलं, की काळ्या तेलात सगळ्यात जड असा जो माल असतो त्याला अ‍ॅस्फाल्टीन म्हणतात. डांबराचा काळेपणा बराचसा त्याचाच. तेलात तो जेमतेम तरंगत असतो आणि बसायला जागा शोधत असतो. गंजाच्या अंगावर त्याला पकडणाऱ्या जागा पुष्कळ. इनॅमल म्हणजे काचच, तिच्यावरही तो बसतो, पण काच गुळगुळीत, जागा थोड्या आणि पकड ढिली.

"आणि लोखंडावर दुसरंच काही लावलं तर?" निशातनं विचारलं.

"ते लावलेलं काय आहे त्यावर. करून बघ ना. टोल्युइन आहे आपल्याकडे, डांबर त्यात विरघळतं."

करून बघायची रीत मॅडमनी सोपी काढून दिली. खरवडणीवरचा काळा थर टोल्युइनमध्ये विरघळवायचा, की कडक चहासारखा रंग येतो. त्यात गंजलेल्या लोखंडाचा बुरादा, म्हणजे बारीक कीस, टाकून हलवायचा आणि बुरादा खाली बसला की वरचा रंग पाहायचा. बुराद्यानं काळं धरलं असेल तर चहा फिका होईल. धरलं नसेल तर कडक राहील. शेजारी न हलवलेली एक नळी ठेवायची, ताडून पाहायला.

निशातनं पहिल्यांदा साधा गंजका बुरादा टाकला. हलवला, ठेवला, बाकीच्या नळ्या धुवून आली. चहाचं पार पाणी झालं होतं. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. टाकीत शिरल्याशिवाय टाकीच्या भिंतीवर काय होतं ते तिला एका काचेच्या नळीत दिसलं होतं.

मग तिला तो नादच लागला. लेथच्या दुकानातून बुरादा आणायचा, ओला करून गच्चीवर गंजू द्यायचा आणि त्यावर काहीबाही चढवून पाहायचं. बाजारचा ऑइलपेंट चढवला, तर टोल्युइननं तो पेंटच खाऊन टाकला आणि नळीत लाल गढूळ रस्सा झाला. लाखेचा थर चांगला टिकला, रंगही बराच कडक राहिला. पण लटारू म्हणाला, की टाकीतलं तेल पातळ राहावं म्हणून खालून वाफेनं तापवतात, हात लावला तर चटका बसतो. निशातनं लाख चढवलेली पट्टी गरम पाण्यात धरली तर ती मऊ पडून बोटाला लागली. लाखही बाद.

नूर मोहम्मदनं या सगळ्यात स्वतःहून एक दिवस माळ्यावरचा भाता काढायला लावला. "कथील लावून पाह्य," तो म्हणाला. "त्याच्यावर काही टिकत नाई. आंबट टिकत नाई, तं हे काय टिकते?" अंगणात त्यानं भट्टी मांडली. भाता नजमानं ओढला, कारण त्याचा दम पुरेना. लोखंडाच्या पट्टीवर त्यानं अशी कल्हई चढवली, की शेजारच्या बायका पाहायला आल्या. ती पट्टी निशातनं काळ्या तेलात बुडवून पुसली. काळं निघालं, पण सगळं नाही. चकाकीवर तपकिरी साय राहिलीच. पुन्हा बुडवली, तर साय दाट झाली.

नूर मोहम्मद बराच वेळ पट्टी उलटसुलट करत बसला. वाईट वाटलं त्याला, ते लपलं नाही. मग म्हणाला, "माह्या कथलालेही भूक असते म्हणजे. मले माहीत नव्हतं." आणि पुढची पट्टी घासायला घेतली. त्या दिवसापासून पट्ट्या तयार करायचं काम त्याचं झालं. सकाळी उठून तो वाफ घ्यायचा आणि पट्ट्या घासायला बसायचा. घरघर होती तशीच होती, पण तो आता भिंतीकडे तोंड करून पडून राहत नव्हता.

बिब्याचं निशातला सुचलं ते प्रयोगशाळेच्या एप्रनवरून. धोब्यानं त्याच्या कोपऱ्यावर बिब्यानं खूण केली होती. टोल्युइन सांडलं त्यात शाईचे डाग पसरले, धोब्याची खूण मात्र जशीच्या तशी राहिली. निशातनं मुद्दाम कापूस भिजवून ती घासली. हलली नाही. जंगलातल्या एका फळाचा रस, आणि टोल्युइनला दाद देत नाही!

लटारू मूळचा आरमोरीकडच्या एका खेड्यातला. त्याची बहीण मनकर्णा तिथंच धानाची शेती करायची आणि मोसमात रानातून चारोळी, हिरडा, बिबे गोळा करून बाजारात विकायची. एका रविवारी निशात लटारूसोबत गडचिरोलीच्या एसटीत बसली. मूलच्या स्टँडवर बस भरली तशी लोकांनी खिडक्यांतून रुमाल, टोप्या, एकानं तर लहान पोरगंच आत टाकून जागा धरल्या. वैनगंगेचा पूल ओलांडला, गडचिरोलीला गाडी बदलली आणि दुपारी ती दोघं मनकर्णाच्या अंगणात पोचली.

मनकर्णानं आधी जेवू घातलं. मग विचारलं, "बिब्याचं तेल? कोणाच्या पायाले भेगा पडल्या?"

"पायाले नाई, मनकर्णाबाई. लोखंडाले लावाचं आहे."

"लोखंडाले?" मनकर्णा लटारूकडे पाहून हसली. "चंदरपूरच्या लोखंडाले भेगा पडते का गा?"

पण निशातनं टाकीची हकिगत सांगितली आणि भाऊ आत उडी मारून गेला होता हे मनकर्णाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिचं हसू गेलं. लटारू खाली पाहून काडीनं माती उकरायला लागला. मनकर्णा उठली, हातांना कोपरापर्यंत मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं, निशातच्याही चोळलं. मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात बिबे भरून, वरून गोवऱ्यांची आच देऊन तिनं खालच्या वाटीत काळाभोर रस उतरवला.

"तोंडाजवळ नेऊ नको. धुरात तं उभीच राहू नको. हे ज्याले लागते त्याले सोडत नाई," ती म्हणाली. "काही जणाले काहीच होत नाई, काही जण नुसते झाडाखालून गेले तं सुजते. तू कोणती आहेस ते तुलेच माहीत."

निशात कोणती होती ते लवकरच कळलं. अंगणात कढई तापवून, रवा भाजावा तसा तिनं बुरादा बिब्याच्या रसात परतला. अब्बांच्या छातीला धूर नको म्हणून त्यांना घरात बसवलं होतं आणि तिथून ते "हलव, हलव, बुडाले लागते" असं ओरडत होते. तोंडाला तिनं ओढणी गुंडाळली होती, पण तेवढ्यानं भागलं नाही. दुसऱ्या सकाळी तिचे डोळे उघडेनात. गाल पुरीसारखे फुगले, मनगटांवर पाणी भरलेले फोड आले.

नजमानं कढई उचलून गल्लीबाहेर फेकली. "एकानं टाकीत जीव घालून पाह्यला, आता तू!" ती रडत रडत खोबरेल लावत होती आणि बोलत होती. "काय मिळते तुले याच्यातून? सांग ना, काय मिळते?"

"अम्मी, मले फक्त पाहाचं आहे," निशात सुजलेल्या ओठांतून म्हणाली. नजमाला ते उत्तर पटलं नाही. पण कढईतला बुरादा तिनं फेकण्याआधी डब्यात काढून ठेवला होता, हे निशातला नंतर दिसलं.

सूज उतरल्यावर ती प्रयोगशाळेत गेली. बिब्याचा बुरादा कडक चहात टाकला, हलवला, ठेवला. चहा कडकच राहिला. ताडून पाहायच्या नळीशेजारी धरला तर फरक शोधावा लागत होता. निशात धावत मॅडमना बोलावून आली.

कांता मॅडमनी नळी उजेडाकडे धरली. खूश झाल्या, पण लगेच म्हणाल्या, "हा उरलेला रंग डांबराचाच कशावरून? बिब्याचा नसेल?"

निशातचा चेहरा पडला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं तो बुरादा नुसत्या टोल्युइनमध्ये टाकून पाहिला, आणि खरंच, टोल्युइन गवतासारखं पिवळं झालं. परतलेला रस पुरता पक्का झाला नव्हता. थोडा सुटून बाहेर येत होता. इतकी सूज सोसली ती या पिवळ्या पाण्यासाठी, असं तिला वाटलं. तरी एक गोष्ट जुळेना. हे पिवळं इतकं फिकं होतं, की कडक चहाचा सगळा रंग त्याचा असणं शक्य नव्हतं.

मग तिनं ते पिवळं टोल्युइनच घेतलं. त्यात काळा थर विरघळवला आणि काहीही न लावलेला, साधा गंजका बुरादा टाकला. चहा फिका व्हायला हवा होता. झाला नाही.

"आता?" निशात म्हणाली. "लेपच नाही, तरी धरत नाही!"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी दोन शक्यता सांगितल्या. एक तर बिब्यातला काही अंश तेलात राहून त्या जड मालाला सांभाळून धरत असेल, खाली बसू देत नसेल. नाही तर तो अंश गंजावर आधी जाऊन बसत असेल, म्हणजे काळ्याला जागाच उरत नसेल. यातलं कुठलं खरं, ते त्यांनाही सांगता येईना.

निशातला मूलचा स्टँड आठवला. खिडकीतून टाकलेले रुमाल. माणूस अजून चढलेलाही नसतो, पण जागा गेलेली असते. तसं असेल तर रुमाल टाकलेला बुरादा वेगळा काढून दाखवता आला पाहिजे. तिनं गंजका बुरादा पिवळ्या टोल्युइनमध्ये भिजवला, मग स्वच्छ टोल्युइननं धुतला, पुन्हा धुतला, धुवणाचा रंग पाण्यासारखा होईतो धुतच राहिली. वाळवला. दिसायला तो अगदी साधा गंज होता, तांबूस, धुळकट. त्यावर काही आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो तिनं कडक चहात टाकला.

चहाचा रंग जेमतेम उतरला. धुतलेल्या, कोरड्या, उघड्या दिसणाऱ्या गंजानं काळं धरायला जवळजवळ नकार दिला होता.

मॅडमनी स्वतःच्या हातानं ते सगळं पुन्हा करून पाहिलं आणि तेच आलं. म्हणाल्या, "तू कढईत जाड लेप चढवत बसलीस. लागतं ते डोळ्यांना दिसत पण नाही."

निशात घरी आली ती हसतच. अब्बांसमोर तिनं दोन वाट्या ठेवल्या, साधा गंज आणि रुमाल टाकलेला गंज. "ओळखा," म्हणाली. नूर मोहम्मदनं चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला, उन्हात नेऊन पाहिलं. आयुष्यभर भांड्यांवर थर चढवलेला माणूस. त्याला ओळखता आलं नाही. "इतका पातळ?" तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. "इतका पातळ थर कोणी बसवला असन?"

हे कारखान्यात सांगावं असं निशातला वाटत होतं. लटारू तिला तिथल्या देखभालीच्या इंजिनियरकडे घेऊन गेला. माणूस नवीन आला होता, अपघाताच्या वेळी नव्हता. त्यानं नळ्या, पट्ट्या सगळं पाहिलं आणि सरळ सांगितलं, की बिबा टाकीत चालणार नाही. ज्यानं तिचं तोंड सुजलं ते साफ करणाऱ्यांच्या अंगावर घालता येणार नाही, आणि गरम तेलात तो अदृश्य थर किती दिवस टिकेल याची खात्री नाही. निशातलाही ते खरंच वाटलं. इंजिनियर पुढे म्हणाला, की टाकीच्या तळाशी जो गाळ बसतो तो निव्वळ जडपणानं बसतो, तो कुठल्याही लेपानं थांबणार नाही. मात्र भिंतीला चिकटलेला थर ही गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी आतून काही लावता येतं का, याचा विचार त्यानं केला नव्हता. आता करीन म्हणाला.

आणि त्यानं केला. नागपूरहून माहिती काढली, तेव्हा कळलं की तेलाच्या टाक्यांना आतून लावायचं एक पक्कं रसायन मिळतं, त्याच्यावर काळं सहज धरत नाही. वरिष्ठांना ते पटवण्यात वर्ष गेलं. ९९ सालच्या दुरुस्तीत टाकी आतून घासून तो लेप लावला गेला.

पुढच्या वर्षी टाकी उघडली तेव्हा नूर मोहम्मद स्वतः गेला. नजमानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की आत पाय घालायचा नाही. टाकीची हवा आधी तासभर पंख्यानं काढली. मग लटारूनं बाहेर उभं राहूनच, लांब बांबूला रबराचं पातं बांधून, भिंतीवरून ओढलं. काळं सोलल्यासारखं खाली घसरलं. नूर मोहम्मदनं हात आत घालून भिंत चिंधीनं पुसली. खालून लेपाचा विटकरी रंग निघाला.

"नूरभाऊ, हात तं बाहेर काढा," लटारू म्हणाला.

"काढतो. पाहून तं घेऊ दे."

तळाचा गाळ काढायला शेवटी एक माणूस आत गेलाच, पण तोंडाला हवेची नळी लावून, आणि थोड्या वेळासाठी. तो माणूस लटारू नव्हता. लटारूनं त्या दिवाळीत ठेकेदाराचं काम सोडलं आणि तो बहिणीच्या शेजारची जमीन खंडानं घेऊन धान करायला गावी गेला.

निशात एम.एस्सी. झाली ती कांता मॅडम मागे लागल्या म्हणून, आणि पुढे गडचिरोलीतल्या एका ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागली. तिथं बिबे भरपूर, पण तिच्या अंगाला ते चालत नाहीत. बिब्यातलं नेमकं काय गंजावर जाऊन बसतं ते तिनं पुस्तकांत शोधलं. लांब शेपटीचा एक पदार्थ असावा, त्याचं डोकं गंजाला धरतं आणि शेपूट तेलाकडे राहतं, इथपर्यंत तिची समजूत पोचली. ते किती दिवस धरून राहतं, हे मात्र तिला कळलं नाही. रुमाल टाकलेला गंज आणि तो कडक चहा घालून तिनं काही नळ्या बंद केल्या आणि वर्गातल्या कपाटात ठेवल्या; रुमाल सुटला की चहा फिका पडणार होता. सुट्टीत चंद्रपूरला आली की नूर मोहम्मद दारातच विचारायचा, "फिका पडला का?"

"नाई, अब्बा. अजून नाई."

"पाहत राह्य," तो म्हणायचा, आणि मग तिच्या हातातली पिशवी घ्यायचा.